शिक्षाबंद्यांच्या रिट याचिकांना चाळणी लावावी का?

सडेतोड : शिक्षाबंद्याला, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला, फर्लो (ठरावीक मुदतीची रजा) नाकारली की हायकोर्टात रिट (सरकारी आदेशाविरुद्धची याचिका), तीही विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलामार्फत. फर्लो हा निरपवाद हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय. जी मुळात सवलत, तिच्यासाठी खंडपीठाचा वेळ का जावा? चाळणी हवीच.

कलम२२६ : 'सवलतच तर आहे' हा युक्तिवाद जुना आहे आणि हरलेला आहे. प्रभाकर संझगिरींनी मुंबईत स्थानबद्ध (खटल्याविना अटकेत) असताना अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिलं. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. म्हणणं असं, की स्थानबद्धतेच्या आदेशात लिहिलंय तेवढंच मिळेल. सुप्रीम कोर्टाने १९६५ मध्ये विचारलं, मग जेवणाची अट आदेशात नसेल तर उपाशी मारणार का? फर्लोचंही तेच. पोलिस अहवालात कारण न देता 'प्रतिकूल' लिहिलं आणि तेवढ्यावर अर्ज फेटाळला, तर तो आदेश कोर्टाने तपासायलाच हवा.

सडेतोड : संझगिरींवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. शिक्षाबंद्याशी तुलना चुकीची.

कलम२२६ : मग होस्कोट खटला घ्या, १९७८. हा शिक्षा झालेलाच. हायकोर्टाच्या निकालाची प्रत येरवड्याला गेली, पण आपल्याला मिळालीच नाही, असं त्याचं म्हणणं. सुप्रीम कोर्टात यायला चार वर्षांहून जास्त उशीर. त्याची याचिका फेटाळली गेली, पण प्रत लगेच आणि फुकट द्यायची, कैद्याची लेखी पोच घ्यायची, हे तेव्हा ठरलं.

नाझर : दोघेही अपील आणि रिट एकत्र करताय. सेशन्स कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपिलाला ६० दिवस, फाशी असेल तर ३०. प्रत मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. अपील तुरुंगाधिकाऱ्याकडे दिलं तरी चालतं, पुढे पाठवणं त्याचं काम. अर्जात केस नंबर, कोर्ट, निकालाची तारीख हवी. नाहीतर कागद फिरत राहतो. 'पत्र टाकलं की याचिका झाली' हाही गैरसमज. तिहार तुरुंगातून सुनील बत्रा या कैद्याने लिहिलेलं पत्र कोर्टाने याचिका मानलं, कारण त्यात दुसऱ्या कैद्याच्या छळाची तक्रार होती. आणि मोफत वकील ही मेहेरबानी नव्हे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

सडेतोड : पोच नसेल तर उशीर माफ करावा, हे मान्य. पण फर्लो नाकारल्यावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील न करता कोणी थेट रिट केली, तर ती परत पाठवावी.

कलम२२६ : पाठवा, पण नकाराचा आदेश कारणांसह त्याच्या हातात पडला असेल तरच. नाहीतर तो अपिलात खोडून काढणार काय?