मदत हवी आहे: लहान मुलांसाठी अंड्याचं कस्टर्ड, पावडर आणि ओव्हनशिवाय

चिंचपाणी:
नमस्कार मंडळी, मला घरी अंड्याचं कस्टर्ड करायचंय, म्हणजे डब्यातल्या पावडरीचं नाही, खरं दूध-अंडं घालून केलेलं. धाकटी सव्वा वर्षाची आहे, उकडलेलं अंडं दिलं की पांढरं चघळून चघळून शेवटी हातावर काढून देते आणि पिवळ्याचा भुगा सगळ्या सतरंजीवर, ऑम्लेटचा एक तुकडा खाल्ला तर खाल्ला. म्हटलं मऊ, चमच्याने भरवता येईल असं काहीतरी करावं. मोठा चार वर्षांचा, त्याला कस्टर्ड फक्त वाढदिवसाच्या पार्टीतलं माहीत आहे त्यामुळे ते पिवळंधमक नसेल तर तो बघणार पण नाही.

आता अडचणी. ओव्हन नाही. कुकर आहे पण सासूबाई अंडं खात नाहीत, अंड्याची भांडी वेगळी ठेवतो, त्यामुळे कुकर आणि इडलीपात्र दोन्ही बाद. अंड्यासाठी एक मोठं पातेलं, झाकण, दोन-चार स्टीलच्या वाट्या एवढाच संसार आहे. नेटवर बघावं तर चार चार अंडी आणि वाटीभर साखर, आणि गॅसवर ढवळायची जी पद्धत दाखवतात त्यात अंड्याची भुर्जी व्हायची भीती वाटते. शिवाय वास! सासूबाई काही बोलत नाहीत पण वास आला की गॅलरीत जाऊन बसतात, मलाच कसंतरी होतं. तर प्रमाण, पद्धत आणि वासावर उपाय, तिन्ही सांगा प्लीज. धाकटीच्यात साखरेऐवजी गूळ चालेल का?

खमंग_काकू:
अगं कुकर कशाला हवाय, पातेलंच बरं. खरवस वाफवतो ना तसंच करायचं, फक्त आच त्याहून मंद.
दोन अंड्यांना ३०० मिली फुल क्रीम दूध. गावठी अंडी असतील तर ती लहान असतात, तीन घे. दूध आधी उकळून कोमट होऊ दे, बोट बुडवलं तर सुखाचं वाटलं पाहिजे. अंडी काट्याने मोडायची, फेटायची नाहीत, मिक्सर किंवा बीटर तर अजिबात नको कारण फेस झाला की वर स्पंजासारखा थर येतो. मग अंड्यात दूध हळूहळू ओतायचं (दुधात अंडं नाही!) आणि गाळणीने गाळायचं. गाळणं चुकवू नकोस, अंड्यात तो पांढरा दोरीसारखा भाग असतो तो गाळणीवर राहतो, नाहीतर नेमका पोरांच्याच जिभेला लागतो.
पातेल्यात दोन बोटं पाणी, तळाशी जाळी किंवा उपडी ताटली, पाण्याला वाफ आली की वाट्या ठेवायच्या आणि गॅस एकदम बारीक. झाकणाला जुनं सुती फडकं बांध, गाठ वरच्या बाजूला, म्हणजे वाफेचं पाणी वाटीत टपकत नाही. झाकण किंचित कलतं ठेव. लहान वाट्या दहा-बारा मिनिटांत होतात. वाटी चिमट्याने हलवून बघ, कडा धरलेली आणि मध्यभाग थुलथुल हलतोय असं दिसलं की गॅस बंद, पाच मिनिटं तशीच झाकून. मध्यभाग घट्ट होईपर्यंत थांबलीस तर काढेपर्यंत रबर झालेलं असेल.

लीड्सकर:
काकूंच्या रेसिपीला +१. नुसतं अंडं ६५-७० अंशाला घट्ट व्हायला लागतं, दूध घातलं की ते विरळ होतं म्हणून कस्टर्डला साधारण ८० लागतात, आणि ८५ च्या वर गेलं की फाटतं. सगळा खेळ त्या चार-पाच अंशांचा आहे आणि वाफ असते १००. म्हणून बारीक गॅस, म्हणून झाकण कलतं.
ढवळून करायची पद्धत इथे इंग्लंडात आहे, नुसते पिवळे बलक घेतात आणि ते पातळ कस्टर्ड ॲपल पायसारख्या गोड पदार्थावर ओततात. ते करायचंच असेल तर चमचाभर कॉर्नफ्लोर घाला, पिष्टामुळे (स्टार्चमुळे) अंडं लगेच फाटत नाही. पण एक पोरगं कडेवर असताना पंधरा मिनिटं ढवळत उभं राहणं मला तरी झेपत नाही, मी वाफवूनच करतो.
जाता जाता, पावडरवाल्या कस्टर्डमध्ये अंडं नसतंच. कॉर्नफ्लोर, रंग, व्हॅनिलाचा वास. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने १८३७ मध्ये ते केलं कारण त्याच्या बायकोला अंडी चालत नव्हती. तेव्हा सासूबाईंना पावडरचं निर्धास्त द्या.

चिंचपाणी:
काय सांगता! सासूबाई इतकी वर्षं फ्रूट कस्टर्डला "नको गं, त्यात अंडं असतं" म्हणून हात लावत नाहीत. आज डबा वाचायला देते.

दोन_पोरांची_आई:
गुळाचं: गूळ, साखर, खडीसाखर, सगळं एकच धरायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचना आहेत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या वरच्या अन्नाबद्दल, त्यात साखर जास्त असलेले पदार्थ देऊ नका असंच आहे. धाकटीच्या वाटीत काहीच घालू नकोस, दुधाला स्वतःची गोडी असते, तेवढी पुरे. वाटलंच तर वरून पिकलेलं केळं कुस्करून दे. आणि गूळ गरम दुधात टाकलास तर दूध फाटायची शक्यता, तो वेगळाच ताप. मोठ्याच्या वाटीत एक चमचा साखर पुरे. हे वाचणाऱ्या ज्यांची बाळं वर्षाच्या आतली आहेत त्यांनी मध पण घालू नका, बोट्युलिझमचा (एका गंभीर विषबाधेचा) धोका असतो.
तुझी लेक उकडलेलं अंडं थोडं तरी खातेय आणि काही झालेलं नाही, त्यामुळे तुला चिंता नाही. पण बाकीच्यांसाठी लिहिते, "आमचं बाळ केक खातं, मग अंडं चालतंच" असं गृहीत धरू नका. केकमधलं अंडं मैद्यात मिसळून खूप वेळ भाजलेलं असतं, ते काही ॲलर्जीवाल्या मुलांना पचतं आणि तीच मुलं कस्टर्डला रिॲक्शन देतात कारण यात अंडं कमी शिजलेलं असतं. पहिल्यांदा देताना अर्धा चमचा, सकाळच्या वेळी, आणि अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या यातलं काही दिसलं तर पुढे देऊ नका, डॉक्टरांना विचारा. श्वासाला त्रास वाटला तर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

गिरगावकर:
वासावर उपाय पारशांकडून शिका. त्यांच्या लग्नातलं लगननू कस्टर्ड कधी खाल्लंय का? जायफळ आणि वेलची दोन्ही असतात, अंड्याचा वास नावालाही येत नाही. तुम्ही दुधात जायफळ सहाणेवर दोन वेढे उगाळून घाला, लहान पोरांना त्याहून जास्त नको. व्हॅनिला घालायचा तर दूध कोमट झाल्यावर, उकळत्यात घातला तर वास स्वयंपाकघरात उडून जातो आणि वाटीत काही उरत नाही.
इराण्याकडचं कॅरमलवालं पण याच पद्धतीने होतं, पण साखर जाळताना पोरं ओट्याजवळ नकोत, ती साखर हातावर उडाली तर चिकटून बसते.

लीड्सकर:
वासात भर: तो मुख्यतः पांढऱ्यातल्या गंधकाचा, आणि जितकं जास्त शिजवाल तितका वाढतो. वेळेवर उतरवलं तर सासूबाईंना गॅलरीत जावं लागणार नाही. तरीही वाटलं तर एक अख्खं अंडं आणि दोन बलक घ्या.

पाटावरवंटा:
धागा हायजॅक करते, सॉरी. मी असंच करते पण आतून जाळी पडते आणि चमचा घातला की पाणी सुटतं. दूध पातळ म्हणून होतं का?

खमंग_काकू:
दूध नाही, आच. पाणी खदखदत असेल तर अंड्यातलं पाणी उकळून बुडबुडे होतात, तीच जाळी, आणि मग घट्ट झालेलं अंडं पाणी सोडतं. पातेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, खळखळ आवाज आला की गॅस आणखी कमी कर. सर्वात बारीक करूनही खदखदत असेल तर तवा ठेवून त्यावर पातेलं ठेव. आणि वाट्या सगळ्या सारख्या घे, एक खोल आणि एक पसरट ठेवलीस तर पसरट आधी बिघडते.

चिंचपाणी:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, बलकवालं करणार. आता दोन शेवटचे प्रश्न. पिवळ्या रंगाचं काय करू? आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी धाकटीच्या पाळणाघरात डब्यात देऊ का?

गिरगावकर:
हळद. (पळतो.)

दोन_पोरांची_आई:
😂 केशराच्या चार काड्या कोमट दुधात भिजवून घाल, बलक जास्त असले की तसाही रंग येतो. आंब्याचा रस मिश्रणात नको, आंबट निघाला तर फाटेल, सेट झाल्यावर वरून घाल, मोठा खूष होईल.
पाळणाघरात मात्र नको. दूध-अंड्याचा पदार्थ बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि आत्ताच्या उन्हात एक तास पण खूप झाला. त्यांच्याकडे फ्रिज असेल आणि तू डबा हातात देताच ते आत ठेवणार असतील तरच. घरी गार झालं की लगेच झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत संपव. परत गरम करू नकोस, पाणी सुटतं. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेव आणि तसंच भरव.

चिंचपाणी:
पाळणाघरवाल्या काकूंना फ्रिजचं विचारते मग. सासूबाईंनी डबा वाचला, विचारतायत पावडरचं कस्टर्ड किती दुधाला किती चमचे. कोणी सांगेल का?

खमंग_काकू:
अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे, आधी थोड्या गार दुधात कालवून, मग उकळत्या दुधात, सतत ढवळत. आणि त्यांचं पातेलं वेगळं घे गं बाई.