जुन्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर गेला तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

माझ्याकडे २००१ची होंडा सिटी व्हीटेक आहे. १५०० सीसी, १०६ अश्वशक्ती. बाबांनी घेतली, आता मी चालवतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना ती अचानक बंद पडली. आचके नाहीत, धूर नाही, आवाज नाही. टॅकोमीटरचा काटा शून्यावर पडला आणि गाडी गप्प. स्टार्टर फिरत होता, पेट्रोल पंपाचा आवाज येत होता, पण प्लगला ठिणगी नव्हती. पाऊण तासाने एका हाफ सेल्फमध्ये सुरू झाली, दहा-बारा किलोमीटर गेली आणि पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये निदान बरोबर झालं, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा. पण पुढे जे ऐकवलं ते फार लागलं. "अख्खा बदलावा लागेल दादा. नवीन मिळत नाही, मिळालाच तर तीस-पस्तीस हजार. त्यापेक्षा गाडी स्क्रॅपला द्या." शंभर वेळा घाट चढलेली गाडी एका डब्यापायी भंगारात कशी घालायची?

तो डबा मी घरी उघडला. या गाडीत डिस्ट्रिब्युटर म्हणजे एक पार्ट नाहीच. आत ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी इग्निशन कॉइल आहे, इग्नायटर आहे, इसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) इंजिनाची स्थिती कळवणारे सेन्सर आहेत, शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील आहे, वर ठिणगी वाटत फिरणारा रोटर आणि प्लगच्या वायरी जोडलेली कॅप. माझा फक्त इग्नायटर गेला होता. गरम झाला की कॉइलचा प्रवाह तोडजोड करणं सोडायचा, थंड झाला की परत शहाणा. वीस वर्षं इंजिनाच्या डोक्याला चिकटून तापल्यावर तो थकणारच. नवीन इग्नायटर २,४०० रुपयांना मिळाला, पाठीमागे लावायची थर्मल पेस्ट १५० रुपयांना. दोन पावसाळे झाले, गाडी एकदाही थांबलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच की अख्खा बदलण्याआधी आतलं नेमकं काय मेलंय ते शोधा. तुमचे अनुभव लिहा. गाडी कुठली, लक्षणं काय होती, शेवटी काय निघालं, खर्च किती झाला. फसलेले प्रयत्नसुद्धा लिहा, त्यांचाच जास्त उपयोग होतो.

*

ठाणे, सिटी १.५

मी नेमकं उलट केलं. मेकॅनिकने सांगितलं म्हणून ऑनलाइन कॉपी माल घेतला, आठ हजारांना अख्खा डिस्ट्रिब्युटर. चार महिन्यांत शाफ्ट खेळायला लागला, आयडलिंग वरखाली. जुना ओरिजिनल माळ्यावर ठेवला होता म्हणून वाचलो. मल्टिमीटर लावला तर जुन्याची कॉइलच ओपन (आतून तुटलेली) दाखवत होती. तिचं प्रायमरीचं रीडिंग एक ओमच्याही खाली यायला हवं, तिथे काहीच येत नव्हतं. मग कॉपीतली कॉइल आणि कॅप काढून जुन्या बॉडीत बसवली. आता छान चालते.

रोटरचा बारका स्क्रू मात्र सांभाळा. तो समोर येईपर्यंत आधी इंजिन हाताने फिरवून घ्या आणि चपखल बसणारा स्क्रूड्रायव्हरच लावा. माझ्या स्क्रूचा खड्डा गोल झाला, ड्रिल करून काढावा लागला. त्यात अख्खा रविवार गेला.

*

न्यू जर्सी, अक्युरा इंटेग्रा जीएस-आर, १९९४

इथे पद्धत वेगळी आहे. रीबिल्ट डिस्ट्रिब्युटर घेताना अनामत भरायची, जुना परत दिला की ती परत मिळते. मी घाईत तेच केलं आणि आजही हळहळतो. माझ्या गाडीच्या इसीयूने क्रँक सेन्सरचा ४, टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असल्याचं सांगणारा) सेन्सरचा ८ किंवा सिलिंडर सेन्सरचा ९, यातला एकही बिघाडाचा कोड दिला नव्हता. म्हणजे सेन्सर ठणठणीत होते. ते सुटे विकत मिळत नाहीत, तेवढ्यासाठीच अख्खी बॉडी घ्यावी लागते. आणि तीच चांगली बॉडी मी अनामतीच्या डॉलरांसाठी देऊन टाकली.

जंकयार्डमध्ये शोधणार असाल तर एक लक्षात असू द्या. साध्या इंटेग्राचा डिस्ट्रिब्युटर जीएस-आरच्या व्हीटेक हेडला बसत नाही. दिसायला भाऊभाऊ, पण बोल्टची जागा जुळत नाही.

*

कोल्हापूर, उद्यमनगर

माझी गाडी नाही, माझं लेथचं काम आहे. वडिलांपासून डिस्ट्रिब्युटर येतात आमच्याकडे. तेव्हा फियाट आणि पद्मिनीचे यायचे. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत पळवायला तयार केलेल्या एका फियाटचा डिस्ट्रिब्युटर वडिलांनी केला होता, ते अजून सांगतात. त्या जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कॉइलचा प्रवाह तोडणारे पॉइंट आणि सोबत कंडेन्सर असायचा. शाफ्टचं बुश (ज्या नळीत शाफ्ट फिरतो ती) झिजलं की शाफ्ट डुलतो, आणि डुलला की पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो. लोक पॉइंट बदलत बसायचे, महिन्यात पुन्हा तीच रड. गनमेटलचं नवीन बुश ओढून, रीमर मारून बसवलं की गाडी शांत.

आता होंडाचे येतात, त्यात बुशऐवजी बेअरिंग. रोग तोच. कॅप काढल्यावर आत तांबूस भुकटी दिसली तर बेअरिंग गंजलंय समजा. कानाला किर्रर्र आवाज येतो, आयडलिंगला जास्त. ते तसंच रेटू नका. शाफ्टवर दात्यांच्या चकत्या असतात, त्या सेन्सरच्या अगदी जवळून फिरतात. शाफ्ट डुलला की चकती सेन्सरला घासते आणि मग बॉडी कायमची गेली. दोनशे-अडीचशेच्या बेअरिंगपायी.

काम असं. खालच्या कपलिंगमधली स्प्रिंग पिन ठोकून काढायची, शाफ्ट वर ओढायचा, बेअरिंगचा आतला-बाहेरचा व्यास आणि रुंदी व्हर्नियरने मोजून तेवढंच नवीन घ्यायचं. सोबत ऑइल सीलही नवीन टाका. कपलिंगचे कान मध्यावर नसतात, थोडे एका बाजूला सरकवलेले असतात, म्हणून डिस्ट्रिब्युटर इंजिनात उलटा बसूच शकत नाही. पण तुम्ही कपलिंगच शाफ्टवर उलटं बसवलंत तर? ठिणगी अर्धा फेरा चुकते आणि गाडी सुरू होत नाही. पिन काढायच्या आधी शाफ्ट आणि कपलिंगवर पंचने खूण करा. ही खूण न करता खोललेले डिस्ट्रिब्युटर घेऊन वर्षाला पाच-सहा जण तरी येतात.

मजुरी मी सातशे घेतो.

*

नाशिक, सिटी व्हीटेक

दादा, मी सगळं घरी केलं आणि टायमिंगला, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते त्याला, चुकले. बोल्ट सैल करायच्या आधी बॉडीवर आणि हेडवर मार्करने रेघ मारायला हवी होती, ती मारली नाही. अंदाजाने बसवलं. गाडी सुरू झाली, खूश झाले, आणि कसारा घाटात इंजिन खडखडायला लागलं. टायमिंग फार पुढे गेलं होतं, ठिणगी फार लवकर पडत होती. पिस्टनला धोका आहे हे कळल्यावर गाडी तिथेच बाजूला घेतली.

मग १,४०० रुपयांची टायमिंग लाइट घेतली. इंजिन पूर्ण गरम करायचं, डॅशखालचा सर्व्हिस कनेक्टर शॉर्ट करायचा. तो शॉर्ट केला नाही तर इसीयू स्वतःच टायमिंग हलवत राहतो आणि पुलीवरची खूण नाचत राहते. मग एक नंबरच्या सिलिंडरच्या प्लग वायरला टायमिंग लाइटची क्लिप लावून पुलीवरची लाल खूण काट्यासमोर येईपर्यंत बॉडी हळूहळू फिरवायची. सगळं मिळून वीस मिनिटं. बोल्ट घट्ट केल्यावर पुन्हा एकदा बघा, घट्ट करताना बॉडी जराशी सरकते.

*

डिचोली, जिप्सी

आमच्याकडे पावसाळ्यात कॅप ओली होते. एकदा ओहोळातून गेलो आणि बंद. नवीन डिस्ट्रिब्युटर सांगितला होता. कॅप उघडून उजेडात धरली तर दोन टर्मिनलांच्या मधे केसासारखी काळी रेघ, ठिणगी तिथूनच पळत होती. कॅप, रोटर, वायरी मिळून १,१०० रुपये. जूनच्या आधी दरवर्षी कॅप काढून पुसतो.

*

बंगळुरू, सिटी १.५

माझं मत थोडं वेगळं आहे. शोधून दुरुस्त करणं बरोबर, पण प्रत्येकाला तेवढा वेळ नसतो. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि गाडी रात्री साडेअकराला तुमकूर रोडवर बंद पडली होती. त्या रात्रीनंतर मी शिवाजीनगरच्या गुजरीतून (जुन्या सामानाच्या बाजारातून) ओरिजिनल जुना अख्खा डिस्ट्रिब्युटर ४,५०० रुपयांना घेतला. आधी शाफ्ट हलवून बघितला, आतलं तेल बघितलं, गाडीला लावून अर्धा तास चालवला, मगच पैसे दिले. आता तो डिकीत असतो, १२ नंबरच्या पान्यासकट. खूण आधीच मारून ठेवली आहे. रस्त्यात बदलायला मला पंचवीस मिनिटं लागतात.

*

धागाकर्ता, पुणे

बंगळुरूकर, पटलं. स्पेअर मीही शोधतो. नाशिकच्या ताई, सर्व्हिस कनेक्टरचं मला माहीतच नव्हतं, माझं टायमिंग उद्याच तपासतो.

आणि कोल्हापूरचे काका, तुमचं वाचून आज कॅप काढली. तांबूस भुकटी आहे, बोटाला लागेल एवढी. किर्रर्र अजून नाही. शाफ्ट हलवला तर अगदी किंचित हलल्यासारखा वाटतो. पुढच्या आठवड्यात घेऊन आलो तर चालेल?

*

कोल्हापूर, उद्यमनगर

या की. शाफ्ट काढू नका, डिस्ट्रिब्युटर अखंड तसाच आणा. आणि गाडी घेऊन येऊ नका, एसटीने या. एवढ्या भुकटीवर घाट चढवू नका तिला.