मदत हवी आहे: हायवेसाठी नेकेड की फेअरिंगवाली? रविवारपर्यंत ठरवायचंय

रंकाळा_ते_कोथरूड
पुणे-कोल्हापूर महिन्यातून दोनदा येणं-जाणं आहे. आताच्या गाडीवर सातारा सोडलं की वारा असा छातीवर बसतो की कराडपर्यंत मान आखडते. दोन गाड्या बघून ठेवल्यात. इंजिन तेच, एक उघडी (नेकेड), एक फेअरिंगवाली (पुढून-बाजूने आवरण आणि काच असलेली). कुठली घेऊ? ऑफर रविवारपर्यंतच आहे. कृपया कोणी बुलेट सुचवू नका.

भटक्या_जमात
बुलेट नाही सुचवत. बुलेटवाल्या कंपनीचीच हिमालयन घ्या.

नट_बोल्ट
गाड्यांची नावं? तुमची उंची? बजेट? मागे कोणी बसतं का? आत्ता काय चालवता? यातलं काहीच न सांगता ‘कुठली घेऊ’ म्हणजे आम्ही पंचांग उघडायचं का?

रंकाळा_ते_कोथरूड
सुझुकीची जिक्सर २५० (उघडी) आणि जिक्सर एसएफ २५० (फेअरिंगवाली). उंची ५ फूट ११. आत्ता १२५ सीसीची आहे. स्पीड नॉर्मल असतो.

नट_बोल्ट
नॉर्मल म्हणजे?

रंकाळा_ते_कोथरूड
नव्वद-शंभर.

खडकी_बाजार
१२५ वर शंभर? उतारावर, मागून वारा असताना. आणि हायवेवर दुचाकीला मर्यादा ८० ची आहे, हेही असू द्या ध्यानात.

नट_बोल्ट
दोन्हीत तेच २४९ सीसी ऑइल-कूल्ड इंजिन, २६.५ पीएस. वजनात फरक पाचच किलोचा, १५६ आणि १६१. सीटची उंचीही तीच, ८०० मिमी. म्हणजे ताकदीचा प्रश्न मिटला, उरला वाऱ्याचा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की रेटा दीडपटीच्या वर, आणि तो कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. ऐंशीच्या खाली राहणार असाल तर फेअरिंगचे पैसे दिसण्यासाठी दिले असं समजा. शंभरला कोल्हापूर गाठायचं असेल तर एसएफ. विषय संपला.

घाटातला_वारा
विषय संपत नाही. तो ५ फूट ११ आहे. बुटक्या काचेवरून निघालेला वारा अशा माणसाच्या बरोबर हेल्मेटवर येतो. छाती वाचते, डोकं मात्र गदगदा हलतं आणि कानात नुसती घोंघों. उघड्या गाडीवर वारा जास्त असतो, पण सलग असतो, शरीराला त्याची सवय होते. त्यापेक्षा उघडीच घ्यावी आणि वर उंच वायझर (वारा अडवणारी काच) लावावा.

नट_बोल्ट
बाजारातले वायझर लावून बघा एकदा. निम्मे तर हीच घोंघों वाढवतात. एसएफवर जरा पुढे झुकलं की वारा डोक्यावरून जातो.

घाटातला_वारा
२३० किलोमीटर झुकून? आधी फोरमवर कंबरपट्ट्याचा धागा उघडा मग.

पल्सर_मामा
तुम्हा पोरांना अर्धी फेअरिंग ठाऊकच नाही. बजाजची पल्सर २२०एफ बघा. हँडल उंच, छातीपुढे आडोसा, इंजिन उघडं. २०२२ ला बंद केली, लोकांनी मागितली म्हणून २०२३ ला परत आणावी लागली. आपल्या आकुर्डीची गाडी सोडून कुठे हिंडता?

खडकी_बाजार
मामा, प्रश्न दोन गाड्यांचा आहे.

पल्सर_मामा
मग तिसरी सांगितली. बिल नाही लावलं.

मुळशीची_सून
माझी फेअरिंगवाली आहे (नाव सांगत नाही, फॅन चिडतात). उभी असतानाच सोसायटीत आडवी झाली. उघड्या गाडीचा आरसा नाहीतर लिव्हर गेला असता, इथे एका बाजूचं अख्खं पॅनल बदललं. क्रॅश गार्ड फेअरिंगला न घासता बसणारा शोधावा लागतो, तोही आधीच बघा. पावसात मात्र आडोसा कळतो, गुडघे बऱ्यापैकी कोरडे राहतात. रोज ऑफिसलाही हीच नेणार का?

रंकाळा_ते_कोथरूड
हो, हिंजवडीला. ते सांगायचं राहिलं.

घाटातला_वारा
राहिलं?! वाकडच्या पुलाखाली मे महिन्यात फेअरिंगमधून निघणारी गरम हवा मांडीवर घेत उभं राहायचं, तेही क्लिप-ऑनवर (दोन सुट्या तुकड्यांच्या हँडलवर) मनगटांचा भार देऊन! महिन्यातून दोनदा कोल्हापूर आणि रोज हिंजवडी, तर गाडी कुणासाठी घेताय?

नट_बोल्ट
एसएफचे क्लिप-ऑन केटीएम आरसीसारखे खाली नाहीत. वरच्या क्लॅम्पच्याही वर बसवलेत. उगाच घाबरवू नका. सपाट हँडलएवढं आरामात मात्र नाही, ते मान्य.

रातराणी_स्वार
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. फेअरिंगवालीचा हेडलाइट बॉडीला पक्का असतो, हँडलबरोबर वळत नाही. रात्री खंबाटकीच्या घट्ट वळणावर उजेड समोरच्या डोंगरावर आणि आपण अंधारात. उघडीवर जिथे हँडल तिथे उजेड.

भटक्या_जमात
खंबाटकीला तर बोगदा आहे की.

रातराणी_स्वार
बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे येताना. जाताना जुन्या रस्त्याने घाटच चढावा लागतो. हिमालयनवाल्यांना रस्ते माहीत असतील असं वाटलं होतं.

पेढेघाटी
साताऱ्यात थांबणारच असाल तर कंदी पेढे हायवेच्या स्टॉलवरून घेऊ नका. गावात मोती चौकापर्यंत जायची तसदी घ्या.

खडकी_बाजार
पेढे फेअरिंगवर ठेवायचे की टाकीवर?

नट_बोल्ट
आडव्या वाऱ्याचंही लक्षात ठेवा. ट्रक किंवा एसटीच्या आडोशातून बाहेर आलात की फेअरिंगच्या रुंद बाजूवर दणका बसतो. हे मी एसएफच्या बाजूचा असूनही सांगतोय. त्यात सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामासाठी वळवलेले रस्ते. तिथे शंभर विसराच.

रंकाळा_ते_कोथरूड
बरोबर, कराडच्या पुढे आता साठ-सत्तरच मिळतो. आणि मागे बायको असते.

मुळशीची_सून
दादा, हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं! दोन्हीला तुकड्यांची सीट आहे, मागची लहानच. ब्रेक लागला की तिचं वजन तुमच्या पाठीवर आणि तिथून मनगटांवर. त्यांना बसवून बघितलंत का?

रंकाळा_ते_कोथरूड
नाही. तिला एसएफचा रंग आवडलाय.

पल्सर_मामा
झालं मग, धागा बंद करा.

घाटातला_वारा
बंद कशाला? शोरूमवाला दोन चौक फिरवून आणेल, त्यात वारा कळत नाही. पुण्यात बाइक भाड्याने मिळतात. हीच नाही मिळाली तर याच बांधणीची एखादी फेअरिंगवाली घ्या, वहिनींना मागे बसवा आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून शिरवळपर्यंत जाऊन या. येताना बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतार जपून, ट्रकचे ब्रेक तिथे भरवशाचे नसतात. उरलेला रस्ता वाकडमार्गे, संध्याकाळी सहाला.

रंकाळा_ते_कोथरूड
शनिवारी जातो. ऑफर एक आठवडा वाढवून द्या म्हटलं तर शोरूमवाला लगेच हो म्हणाला.

भटक्या_जमात
म्हणजे हिमालयनलाही वेळ आहे.