नवीन बांधकामांसाठीची रचना-मानके: काय मोजून ठरवावे आणि काय वास्तुविशारदावर सोपवावे?

प्रश्न – मसुदावाचक

आमच्या शहरात नवीन बांधकामांसाठी वास्तुरचनेची आणि भूखंडरचनेची मानके तयार होत आहेत. मसुद्यावर नागरिकांच्या बाजूने अभिप्राय देणाऱ्या गटात माझा समावेश आहे. मी या क्षेत्रातला नाही, परंतु मसुदा दोनदा बारकाईने वाचला आहे आणि त्यातील एका विसंगतीने मला अस्वस्थ केले आहे.

मसुद्याच्या सुरुवातीला ‘इमारत परिसराच्या स्वभावाशी सुसंगत असावी’, ‘दर्शनी भाग आकर्षक असावा’ अशी वाक्ये आहेत, ज्यांचा अर्थ नकाशा तपासणारा प्रत्येक अधिकारी आपापल्या परीने लावू शकेल. पुढच्या प्रकरणात मात्र दर्शनी भिंत दर नऊ मीटरला किमान साठ सेंटिमीटर आत किंवा बाहेर असावी, तिच्यावर किमान तीन प्रकारचे साहित्य दिसावे, इतके काटेकोर नियम आहेत. वाहनतळ भूखंडाच्या कोणत्या बाजूला असावा, मुख्य दार कुठे उघडावे, पावसाचे पाणी कुठे जावे, या बाबी शेवटच्या दीड पानात उरकल्या आहेत.

बैठकीत बांधकाम व्यावसायिकांनी पहिल्या प्रकारच्या नियमांना विरोध केला, कारण मंजुरी मिळेल की नाही याचा त्यांना अंदाज येत नाही. रहिवाशांनी त्यांचाच आग्रह धरला, कारण केवळ आकड्यांचे नियम पाळून कुरूप इमारती उभ्या राहिलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. मला दोघांचेही म्हणणे पटते. म्हणून जाणकारांना विचारतो की, कोणत्या गोष्टी आकड्यांत बांधाव्यात, कोणत्या मोकळ्या सोडाव्यात आणि आमच्या गटाने आपला मर्यादित वेळ मसुद्याच्या कोणत्या भागावर खर्च करावा?

उत्तर १ – नगररचनेतील जुना कार्यकर्ता

आपण ज्या दीड पानाचा उल्लेख केला आहे, तिथूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. इमारत रस्त्याला कशी भेटते, हे तिच्या भिंतीवर कोणता दगड लावला आहे यापेक्षा भूखंडाच्या मांडणीवरच अधिक ठरते.

वाहनतळाचेच उदाहरण घ्या. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. परंतु तिला आत-बाहेर करण्यासाठीची मार्गिका धरली की, प्रत्येक मोटारीमागे २५ ते ३० चौरस मीटर जमीन जाते. शंभर मोटारींची सोय म्हणजे सुमारे अडीच ते तीन हजार चौरस मीटरचे डांबर. हे डांबर रस्ता आणि इमारत यांच्या मध्ये पसरले, तर त्यामागची इमारत कितीही देखणी असली तरी पायी येणाऱ्याला ती दूरच राहते, रस्त्याची कड ओस पडते आणि शेजारचा भूखंडही तसाच बांधला गेला की, पदपथावर चालण्याचे कारणच उरत नाही. ‘वाहनतळ इमारतीच्या मागे किंवा बाजूला असावा, रस्ता आणि दर्शनी भिंत यांच्यामध्ये नसावा’ हे एकच वाक्य, वाद न होता तपासता येईल अशा शब्दांत लिहिले, तर त्याने साधणारा फरक साहित्याच्या दहा नियमांनी साधणार नाही. मुळात किमान किती वाहनांची जागा सक्तीची असावी, हेही तपासून पाहा. बफेलो शहराने २०१७ साली ही किमान सक्ती संपूर्ण शहरातून काढून टाकली आणि त्यानंतर अमेरिकेतील अनेक शहरे त्याच वाटेने गेली.

दुसरी बाब सामासिक अंतराची. बहुतेक नियमावल्या इमारत रस्त्यापासून किमान किती मागे असावी एवढेच सांगतात आणि कमाल मर्यादा सांगत नाहीत. त्यामुळे एक इमारत तीन मीटर मागे तर शेजारची पंधरा मीटर मागे, अशी तुटक रांग तयार होते. दर्शनी रुंदीचा ठरावीक हिस्सा एका बांधकाम रेषेवर यावा, असा नियम असला की रस्त्याला सलग भिंत मिळते. पॅरिसमध्ये १८५९ च्या आदेशाने इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीशी जोडली गेली होती. वीस मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर दर्शनी भिंत वीस मीटरपर्यंत नेण्याची मुभा होती आणि त्यावरचे छप्पर ४५ अंशांच्या उतारात बसवावे लागे. तिथल्या रस्त्यांच्या एकसंधपणामागे केवळ शैली नाही, तर हे प्रमाणही आहे.

आकडे कशासाठी लिहायचे, याचे उत्तर न्यूयॉर्कच्या इतिहासात चांगले सापडते. १९१५ साली पूर्ण झालेली इक्विटेबल बिल्डिंग कुठेही मागे न सरता भूखंडाच्या कडेवरून सरळ वर गेली आणि तिची सावली आसपासच्या इमारतींवर पडू लागली. पुढच्याच वर्षी शहराने नियम केला की, ठरावीक उंचीनंतर इमारतीने मागे सरकत जावे. या नियमाचा हेतू रस्त्यावर उजेड आणि हवा पोहोचवणे हा होता. कोणती शैली वापरावी याबद्दल तो काही बोलत नव्हता, तरीही त्याच्या चौकटीत पायऱ्यापायऱ्यांच्या मनोऱ्यांची एक संपूर्ण पिढी घडली.

त्याच शहराने १९६१ साली जमिनीवर खुला चौक देणाऱ्या इमारतींना जादा चटई क्षेत्र, म्हणजे जास्त बांधकाम करण्याची मुभा, द्यायला सुरुवात केली. चौक मिळाले, परंतु त्यांतले कित्येक रिकामे राहिले, कारण नियमात क्षेत्रफळ होते, पण तिथे बसायचे कशावर हे लिहिलेले नव्हते. शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी लोक चौकात कुठे थांबतात, कुठे बसतात, याचे चित्रण करून निरीक्षण केले. त्यांच्या कामाच्या आधारे १९७५ साली नियम बदलले आणि चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक बंधनकारक झाली. चुकीची गोष्ट मोजली की काय होते आणि योग्य गोष्ट मोजली की काय सुधारते, हे दोन्ही एकाच शहरात दिसते.

उत्तर २ – वास्तुविशारद

दर नऊ मीटरला भिंत आत-बाहेर करण्याच्या नियमाबद्दल मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे, कारण अशा नियमांखाली मी स्वतः इमारती रचल्या आहेत आणि त्यांपैकी एकाही इमारतीचे समाधान मला नाही. लांबलचक कोरी भिंत नको, हा या नियमामागचा हेतू योग्य आहे. तो पुरा करण्याची जी पद्धत नियम सुचवतो, तिच्यातून मात्र सर्व शहरभर एकसारखी तुकडे जोडलेली दर्शने तयार होतात. शिवाय भिंतीला पडलेला प्रत्येक जास्तीचा कोपरा आणि दोन साहित्यांचा प्रत्येक सांधा ही पाणी झिरपण्याची जागा असते. पाच-सात वर्षांनी त्या सांध्यांखाली ओघळ दिसू लागतात.

कोऱ्या भिंतीवरचा खरा उपाय तळमजल्यावर आहे. माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे शंभर मीटर ओलांडायला त्याला ७२ सेकंद लागतात. दर सहा मीटरला एखादे दार, खिडकी किंवा दुकानाचा दर्शनी भाग आला, तर साधारण चार सेकंदांनी त्याच्या नजरेला काहीतरी नवे मिळते. म्हणून दोन दारांमधील कमाल अंतर, कोऱ्या भिंतीची कमाल लांबी आणि तळमजल्यावरील पारदर्शक काचेचे किमान प्रमाण, एवढे आकड्यांत बांधावे. काचेचे प्रमाण नजरेच्या टप्प्यात, साधारण साठ सेंटिमीटर ते अडीच मीटर उंचीच्या पट्ट्यात मोजावे. संपूर्ण मजल्यावर मोजले, तर रचनाकार काच छतालगत सरकवून आकडा पुरा करतो. काचेवर अपारदर्शक फिल्म लावण्यास मनाईही त्याच कलमात असावी, नाहीतर उद्घाटनानंतर महिन्याभरात पारदर्शकता संपते. वरच्या मजल्यांवर साहित्य, रंग आणि ठेवण यांबाबत आम्हाला मोकळे सोडावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ – चाकाच्या खुर्चीवरील वाचक

वरील दोन्ही उत्तरांत जमिनीच्या पातळीचा विषय आलेला नाही, म्हणून लिहिते. इमारतीचे जोते पदपथापासून साठ सेंटिमीटर उंच घेतले, तर एकास बारा या उताराने रॅम्पची लांबी ७.२ मीटर होते आणि शिवाय वर-खाली सपाट जागा लागते. सामासिक अंतरच तीन मीटर असेल, तर हा रॅम्प समोर बसत नाही. मग तो मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांजवळ जातो आणि माझ्यासारखीला प्रत्येक इमारतीत मागच्या दाराने शिरावे लागते. रॅम्प आहे, नियम पाळला आहे, असे कागदावर म्हणता येते.

मसुद्यात ‘मुख्य दारातूनच सर्वांना पायरीविना प्रवेश मिळावा’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, आणि जोत्याची उंची नकाशा आखण्यापूर्वीच पदपथाच्या पातळीशी जुळवण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकावी. दारासमोर खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ हवे. वाहनांसाठी पदपथ तोडून जिथे उतार दिला जातो, तिथे पदपथ आपल्या पातळीवर सलग राहावा आणि वाहनाने चढून यावे, हेही त्यातच यावे.

मसुदावाचक (पुन्हा)

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. मागच्या दाराबद्दल वाचल्यावर मी मसुदा पुन्हा उघडला. त्यात ‘सुलभ प्रवेशमार्ग उपलब्ध असावा’ एवढेच आहे, तो कोणत्या दारातून, हे नाही. हे कलम आम्ही बदलायला लावू.

एक शंका उरते. सर्व काही आकड्यांत बांधले, तर ज्याला आकड्यांबाहेर जाऊन खरोखर चांगले काही करायचे आहे, त्याने काय करावे?

उत्तर १ – नगररचनेतील जुना कार्यकर्ता (पुन्हा)

त्यासाठी दोन वाटा ठेवता येतात. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात घरबांधणीला लागू होणारी मानके स्पष्ट आणि वस्तुनिष्ठ असली पाहिजेत, असा कायदा आहे. जो ती पाळतो त्याला मंजुरी नाकारता येत नाही. ज्याला वेगळे काही करायचे असेल, तो स्वतःहून दुसरी वाट निवडू शकतो, जिथे त्याची रचना मूळ हेतू किती पुरा करते हे विचारपूर्वक तपासले जाते. यासाठी प्रत्येक आकड्याच्या वर त्याचा हेतू एका वाक्यात लिहिलेला असावा लागतो. ‘सुसंगत’ आणि ‘आकर्षक’ या शब्दांवर दुसरी वाट चालवता येणार नाही. ‘पदपथावरून इमारतीच्या आतील वावर दिसावा’ या वाक्यावर चालवता येईल.

पाणी आणि झाडे यांच्याकडेही दुर्लक्ष करू नका. हजार चौरस मीटरच्या फरसबंदीवर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला की पन्नास हजार लिटर पाणी जमते. ते भूखंडातच मुरवायचे की रस्त्यावर सोडायचे, हे मांडणी ठरवताना ठरते. ‘किती झाडे’ एवढेच मोजू नये, झाडाला माती किती हेही मोजावे. टोरांटोच्या हरित मानकांत प्रत्येक झाडामागे तीस घनमीटर मातीची अपेक्षा आहे, कारण मीटरभर चौकोनात लावलेले झाड सावली देण्याइतके वाढतच नाही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. अभिप्राय पाठवण्यापूर्वी मसुद्यातील सर्व नियम एखाद्या अरुंद भूखंडावर आखून पाहा. समजा, भूखंडाची रुंदी बारा मीटर आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर सोडले की सहा मीटर उरतात आणि त्यातून साडेतीन मीटरचा वाहनमार्ग काढला, तर दार आणि खिडकी मिळून अडीच मीटर राहतात. अशा ठिकाणी तळमजल्याच्या दर्शनी भागावर, समजा, साठ टक्के काचेचा नियम असेल, तर तो पाळणे अशक्यच आहे. नियम मोठ्या भूखंडाच्या चित्रावर लिहिले जातात आणि छोट्या भूखंडाचा मालक त्यांत अडकतो. त्याच्यासाठी बाजूचे अंतर किंवा वाहनतळाची सक्ती शिथिल करावी लागेल आणि ती किती, हे आखल्यावरच कळेल.

मसुदावाचक

आमच्या गटात एक आरेखक आहेत. बारा मीटरचा एक आणि कोपऱ्यावरचा एक, असे दोन भूखंड या आठवड्यात आखून घेतो आणि नियम जिथे एकमेकांना छेद देतात त्या जागा इथेच मांडतो.