रीसलिंग आणि ताटातली जोडी : अनुभव लिहा

हिरवी_बाटली:
काल माळा आवरताना रीसलिंग या जर्मन पांढऱ्या वाइनची उंच मानेची हिरवी बाटली हाती लागली आणि २०११ सालचं जर्मनीतलं बेर्नकास्टल-कूस गाव डोळ्यांसमोर उभं राहिलं. नवऱ्याचं काम तेव्हा फ्रँकफुर्टला होतं, सुट्टीत मोझेल नदीकाठी गेलो होतो. द्राक्षमळे इतके उभ्या चढाचे की मान वर करूनच बघायचे. संध्याकाळी पाटीच्या दगडाची एक कपची उचलली, ऊन गेलं तरी ती कोमट होती. दिवसभराची ऊब हा दगड रात्री वेलींना देतो, असं घरमालकीण आजी म्हणाल्या. त्यांनी लोण्यात परतलेला ट्राउट मासा वाढला, सोबत काबिनेट, म्हणजे हलक्या प्रकारातली रीसलिंग. घोट घेतला, आधी आंबट, मागून गोड, आणि थेट आईची चिंचगुळाची आमटी आठवली! तेव्हापासून आमच्याकडे अळूवडीबरोबर हीच. तुमच्या जोड्या सांगा ना.

रस्सावाला:
पांढरा रस्सा. दुसरं काही नाही. एकदा तिखट मटणाबरोबर १४ टक्क्यांची रेड घेतली, जिभेची आग आग झाली. जास्त अल्कोहोलने तिखट अजून चढतं. मोझेलची गोडसर काबिनेट साधारण ८-९ टक्क्यांची असते, वर जरा गोडवा, त्यामुळे मिरची निवते. बाटलीवर 'ट्रोकन' असेल तर कोरडी, 'फाइनहेर्ब' म्हणजे किंचित गोडसर. तिखटाला दुसरी घ्या.

ओली_भेळ:
श्पार्गेल!! पांढरं शतावरीचं कोंब, उकडलेले बटाटे, हॉलंडेज सॉस. २४ जूनला हंगाम संपतो, शेजारीण तोवर आठवड्यातून दोनदा करते. पण ती जर्मनीतल्या फ्रांकोनिया भागातली, तिला रीसलिंग चालत नाही, तिकडची सिल्वानर ही पांढरी वाइनच हवी, ती पण चपट्या पोटाच्या बॉक्सबॉयटेल बाटलीतली. मी आता तिच्याच बाजूची झालेय.

कोकणकडा:
जुनी रीसलिंग उघडली तर रॉकेलसारखा वास. खराब निघाली म्हणून दुकानात परत न्यायला निघालो होतो. सासरे म्हणाले थांब, मुरलेल्या रीसलिंगला हा वास येतोच. तळलेल्या सुरमईबरोबर प्यायलो. सासरे आता नाहीत, पण तो वास आला की तेच आठवतात.

हिरवी_बाटली:
कोकणकडा, वाचून गलबलून आलं.

रातराणी:
मी पीत नाही, तरी लिहिते. सप्टेंबरात फेडरवाइसर मिळते, अजून आंबतच असलेली कोवळी वाइन, कांद्याच्या केकबरोबर पितात. मुलीने नवऱ्यासाठी आणली आणि पिशवीत आडवी ठेवली. बूच घट्ट नसतं, नाहीतर आतल्या वायूने बाटली फुटेल. सगळी पिशवी चिकट, नवा स्वेटर गेला. बाटली उभीच ठेवा बायांनो. कांद्याचा केक मात्र मी दरवर्षी करते, त्यातलं शहाजिरं सोडू नका.

रस्सावाला:
अरेरे, स्वेटर लोकरीचा होता का? कोमट पाण्यात नुसता बुडवून ठेवायचा.

रातराणी:
लोकरीचाच हो, पण मशीनला लावला होता. बाहुलीचा झाला.

ओली_भेळ:
हिरवी_बाटली, त्या बाटलीत मनीप्लांट लावणार का? माझ्याकडे हिरव्या काचेत मुळं छान धरली, पाणी मात्र आठवड्याला बदलते.

कोकणकडा:
अळूवडीची कृती राहिली की!

हिरवी_बाटली:
देते. चिंचगूळ सढळ हाताने आणि पानाच्या शिरा लाटण्याने दाबून घ्यायच्या. बाकी रात्री, कुकर झालाय.