परक्या लढाईवर तावातावाने, आपल्या आमदारावर चिडीचूप. तुमच्याकडेही असंच का?

खोल्या_तीन

नमस्कार. उत्तर गोव्यात बार्देस-पेडणे पट्ट्यात किनाऱ्याजवळ माझ्या भाड्याच्या तीन खोल्या आहेत. शापोरा नदीच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, का ते पुढे कळेल. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या, गाद्यांना बुरशी आणि डोक्यात नको ते विचार. त्यातलाच हा एक.

रोज सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाजून गेली की आम्ही सहाजण नाक्यावरच्या गाड्यावर जमतो. त्याचे उंडे पाव मोडून पातळ भाजीत बुडवायचे आणि जग चालवायचं. ट्रम्पने व्हाइट हाउसमध्ये झेलेन्स्कीला कॅमेऱ्यासमोर झापलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फक्त हाणामारी व्हायची राहिली होती. आमच्यातला शॅकवाला पुतीनचा भक्त. "मरद आसा, मरद!" बँकेतून निवृत्त झालेले एक आहेत, ते म्हणाले, शेजाऱ्यावर रणगाडे घालणारा मर्द असेल तर त्या पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारची तसबीरही लाव तुझ्या शॅकमध्ये. तिसऱ्याचं मत असं की झेलेन्स्की मुळात विनोदी नट, पडदा कधी पाडायचा ते त्याला कळत नाही. युक्रेनमधलं डोनबास नकाशात कुठे आहे ते सहापैकी एकालाही दाखवता आलं नसतं, मला धरून. पण मतं अशी, जणू तिथे आमची माडांची भाटं आहेत.

या पावसाळ्यात पुन्हा तोच विषय निघाला तेव्हा मी सहज म्हटलं, "ते सोडा. हा समोरचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून दोन पावसाळे झाले. निवडणुकीआधी घरोघर हात जोडून फिरत होते त्यांना विचारूया का कोणीतरी?"

एकाने पेपर घडी करून काखेत मारला. गाड्यावाल्याने उगाच गॅस मोठा केला. शॅकवाला आभाळाकडे बघून म्हणाला, "पावस बरो पडलो हां औंदा." आणि दोन मिनिटांत बाक रिकामा.

त्यावरून मला आमची एक भाडेकरीण आठवली. 2022 सालची गोष्ट. 14 फेब्रुवारीला आपण विधानसभेसाठी मतदान केलं, मोजणी 10 मार्चला. मधल्या दिवसांत गावात दुसरा विषय नव्हता, कोण येणार आणि आल्यावर कोण कुठे जाणार. त्यातच 24 फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. माझ्या एका खोलीत येकातेरिनबर्गची एक बाई तीन महिने राहत होती, साठीच्या आसपासची, रोज सकाळी समुद्रावर योगासनं करणारी. मार्चच्या सुरुवातीला रशियाच्या एरोफ्लोटने बाहेरची विमानं थांबवली, मग व्हिसा-मास्टरकार्डने रशियाचं काम बंद केलं. तिचं कार्ड एटीएममधून नुसतंच परत बाहेर यायचं. दोनदा मी स्वतः स्कूटरवरून म्हापशाला घेऊन गेलो, तिथल्या मशिनातही तेच. भाडं थकलं. बायको म्हणाली, राहू दे, तिला घालवून दुसरं कोण येणार आहे आता? तशी ती महिनाभर आमच्याबरोबर जेवली. सोलकढी तिला भारी आवडायची, मिरची काढून ठेवायची.

तर ही बाई सगळ्यावर बोलायची. अमेरिकेवर, आपल्या किनाऱ्यावरच्या कचऱ्यावर, आमच्या कुत्र्याच्या वजनावर. एकदा जेवताना मी विचारलं, लढाईबद्दल काय वाटतं? तिने आधी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर आमचा माड आणि त्याला टेकवलेली शिडी, दुसरं काही नाही. मग म्हणाली, "भात छान झालाय."

मला तेव्हा हसू आलं. नंतर वाचलं की त्याच दिवसांत तिकडे कायदा झाला होता, सैन्याविषयी सरकारला खोटी वाटेल अशी बातमी पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग. म्हणजे तिला खिडकीकडे बघायला कारण होतं.

आमच्या शॅकवाल्याला आभाळाकडे बघायला काय कारण? आम्हाला कोण तुरुंगात घालणार आहे? माझे बाबा मगो पक्षाच्या सिंहावर शिक्का मारणारे, भाऊसाहेब बांदोडकरांचा शब्द त्यांना वेदासारखा. पण वाड्यावर विहिरीचं काम रखडलं तेव्हा त्याच पक्षाच्या माणसाला त्यांनी आमच्या अंगणात उभं करून सुनावलेलं मी लहानपणी पाहिलंय. ते कधी बंद झालं? तुमच्या गावात काय चित्र आहे, सांगा.

साखळीकर

कारण सोपं आहे, गणित बघा. 2022 ला सांत आंद्रेत निकाल लागला 76 मतांनी, प्रियोळात 213, पणजीत 716. आमच्या साखळीत खुद्द मुख्यमंत्री 666 मतांनी आले. एका बूथवर सहा-सातशे नावं. मोजणी बूथवार होते, म्हणजे कुठल्या वाड्याने हात दाखवला ते त्याच संध्याकाळी कळतं, आणि वाड्यात कोणतं घर तेही अंदाजाने कळतं. उत्तर प्रदेशातला मतदार लाखांच्या गर्दीत लपतो. आपण कुठे लपणार? आमदार आपल्या मुंजीत जेवलेला असतो.

बाकी ते रशियन बाईचं छान लिहिलंत. भाडं मिळालं का शेवटी?

मास्तर_डिचोली

खोल्या_तीन, तुमच्या तारखांत एक तारीख राहिली, म्हणून लिहितो. 24 फेब्रुवारी 2022 लाच मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने पक्षांतराचा निकाल दिला होता. 2019 च्या जुलैत काँग्रेसचे पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले, त्यांना अपात्र ठरवा, असा अर्ज होता. तो फेटाळला गेला. दोन तृतीयांश आमदार गेले की ते विलीनीकरण धरायचं, मूळ पक्ष जागचा हलला नाही तरी चालेल, असा त्याचा मथितार्थ. त्या दिवशी सगळे टीव्हीवर कीव बघत होते. आपल्या मताची किंमत इथे गोव्यात ठरत होती, ते आमच्या घरातही कोणी विचारलं नाही. मी पण कीवच बघत होतो, खोटं का बोलू.

पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी चालत असे. 1985 च्या दहाव्या परिशिष्टात ती फट होती, 2003 साली ती बुजवली. उरलं ते विलीनीकरण. म्हणून आपल्याकडे आता कोणी एकटा-दुकटा जात नाही, हिशेब करून जातात. पंधरात दहा, अकरात आठ. भागाकार अगदी चोख. आमच्या शाळेत या मंडळींपैकी कोणी गणितात इतके हुशार नव्हते.

आणि ते काँग्रेसच्या अकरातले आठ तर 2022 च्या सप्टेंबरात गेले. त्याच वर्षी जानेवारीत त्या पक्षाच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथ घेतली होती, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही म्हणून. तीन देवस्थानं मिळून आठ महिने पुरली नाहीत. लोक गप्प का, याचं एक उत्तर हेही आहे. ज्याला शिव्या द्यायच्या तो उद्या कुठल्या पक्षात असेल ते माहीत नसतं, मग त्याच्या विरोधात कोणाकडे जायचं?

कुवेत_रिटर्न

मास्तर, पक्षांतर म्हटलं की मला 1990 आठवतं. मी तेव्हा कुवेतमध्ये गॅरेजात. 2 ऑगस्टला सद्दाम घुसला. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये घरून पत्र आलेलं: मुख्यमंत्री राणे गेले, चर्चिल आलेमाव आले, अठरा दिवसांत चर्चिल गेले, सभापती बार्बोझाच पक्ष सोडून मुख्यमंत्री झाले. आम्ही खोलीतले चार गोंयकार पोट धरून हसलो होतो. मग सप्टेंबरात वाळवंटातून बसने अम्मान, तिथे तंबूत नऊ दिवस, आणि एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. असे पावणेदोन लाखांच्या घरात भारतीय आणले गेले. मी घरी पोचलो तेव्हा खिशात कुवेती दिनार, आणि मुंबईत ते कोणी घेईना. डिसेंबरात गोव्यात राष्ट्रपती राजवट लागली.

सांगायचं काय, तेव्हा लोक बोलायचे. बसमध्ये, बाजारात, मोठ्याने. हल्ली बोलत नाहीत कारण प्रत्येक घरातला एक तरी मुलगा सरकारी नोकरीच्या यादीत अडकलेला आहे.

तारवटीची_आई

मला एक खटकलं. "परकी लढाई" म्हणून सगळे हसताय, पण ती परकी कोणाला? माझा मुलगा कंटेनरच्या जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात हुथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले, त्या डिसेंबरात त्याचं जहाज सुएझकडे निघालेलं. चार दिवस फोन नाही. मी देवापुढे नारळ ठेवून बसलेले, आणि शेजारी टीव्हीवर नकाशे दाखवून कोण बरोबर, कोण चूक ते चाललेलं. मग कंपनीने जहाज आफ्रिकेला वळसा घालून न्यायचं ठरवलं. दहा-बारा दिवस जास्त लागले. मला ते दहा-बारा दिवस कोणी सोन्यात तोलून दिल्यासारखे वाटले. मला येमेन नकाशात दाखवता येतं, डोळे मिटून.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी आमदाराविरुद्ध बोलत नाही, खरं आहे. आम्ही मुंडकार. घर आमचं, जमीन भाटकाराची. कज्जा मामलेदाराकडे सासऱ्यांच्या वेळेपासून पडलेला आहे. वीज हवी तरी दाखला, संडास बांधायचा तरी दाखला. प्रत्येक दाखल्याला कोणाचा तरी फोन लागतो. ज्याचं स्वतःच्या नावावर घर आणि तीन खोल्या आहेत त्याने बोलावं, बाबा. आम्हाला विचारू नये.

फोंडा_एक्स्प्रेस

थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रशियन बाईशी स्वतःची तुलना हा फाजीलपणा आहे. तिथे तुरुंग, इथे जास्तीत जास्त तुमचा डांबराचा थर एक वर्ष उशिरा पडेल. घाबरायला काही नसताना घाबरायचं आणि वर त्याला कुठल्या तरी मोठ्या शोकांतिकेशी नेऊन जोडायचं, हे आपल्याला छान जमतं. तारवटीच्या आईंचं वेगळं आहे, त्यांचं कारण खरं आहे. पण तुमचा शॅकवाला? त्याला फक्त परवान्याची चिंता. आणि तुम्ही स्वतः? नदीची बाजूसुद्धा सांगेनात!

खोल्या_तीन

फोंडेकर, बरोबर धरलंत. नदीची बाजू अजूनही सांगत नाही. खोल्यांचा पर्यटन खात्याकडचा नोंदणीचा कागद यंदा नूतनीकरणाला आहे, बस, एवढंच कारण. लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं.

ताई, तुमचं वाचून मी गप्प झालो. आमच्या गाड्यावर सहाजण बसतात त्यातले दोघे मुंडकार आहेत, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पेपर काखेत मारून उठला तो त्यातलाच एक. मी त्याला मनात भित्रा म्हणून मोकळा झालो होतो.

साखळीकर, भाडं मिळालं. बाई एप्रिलच्या शेवटी दुबईमार्गे गेली. डिसेंबरात तिच्या ओळखीचा एक पोरगा पाकिटात रोख आणि एक लोकरी टोपी घेऊन आला. गोव्यात लोकरी टोपी! बायको ती फ्रीजमधली मासळी काढताना घालते.

मास्तरांचा भागाकार गाड्यावर वाचून दाखवला. सगळे हसले, शॅकवाला सगळ्यांत जास्त. निघताना तो स्कूटरजवळ आला आणि हळूच म्हणाला, "रस्त्याचें तू म्हणटा तें खरें. पूण माजें नाव घेवं नाका."

पुढच्या रविवारी ग्रामसभा आहे. रस्त्याचा ठराव लेखी देऊन आलो. सूचक म्हणून माझं नाव घातलंय. पंचायतीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, अनुमोदक कोण? म्हटलं, सांगतो. ती ओळ अजून कोरी आहे.

साखळीकर

निवृत्त बँकवाल्यांना विचारून बघा. त्यांचं पेन्शन कोणी अडवू शकत नाही.

खोल्या_तीन

त्यांना कालच विचारलं. युक्रेनवर पाऊण तास बोलले.