बिघाड जंतूत नव्हता, माणसाच्या जनुकात होता

सर्रा हा गुराढोरांच्या रक्तातल्या जंतूमुळे होणारा रोग. 'तो माणसाला झाला म्हणजे जंतूची जात बदलली असणार' हे म्हणणं ऐकायला पटतं, पण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात उलटं निघालं. २००४ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचा जंतू, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, सापडला. जंतू गुराढोरांतलाच, साधा. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात तो मरायचा. पण या माणसाच्या एपीओएल१ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, म्हणून जंतूला मारणारं प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतंच. सुरामिन हे औषध देऊन तो शेतकरी बरा झाला.

तसंही या जंतूत फारसं वैविध्य नाही. आफ्रिकेतला त्याचा भाऊबंद त्सेत्से माशीच्या अंगात वाढतो, तिथे जनुकांची सरमिसळ होऊ शकते. आपला मात्र गोमाशीच्या सोंडेला लागून या बैलावरून त्या बैलावर जातो आणि नुसता दुभंगत राहतो. मुख्य प्रकार दोनच, ए आणि बी, त्यातला बी आफ्रिकेतला. एक मात्र कराच: पावसाळ्यात बैल खंगायला लागला तर (आमच्याकडे आधी नजर उतरवतात!) ताप चढलेला असतानाच रक्त तपासायला द्या. एरवी जंतू रक्तात दिसेलच असं नाही.